युद्धनौका निघताना पुढचा तिरंगा का उतरवतात?

आपण विचारले आहे की मुंबईच्या गोदीत उभ्या असलेल्या युद्धनौकेच्या पुढच्या टोकाला तिरंगा आणि मागच्या टोकाला निराळाच पांढरा ध्वज का होता, दोर सुटताच तो पुढचा तिरंगा उतरवणे हा राष्ट्रध्वजाचा अवमान नाही काय, आणि रात्री जहाजावर कोणताच ध्वज नसतो काय. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. माझी सारी नोकरी नौदलाच्या कम्युनिकेशन शाखेत झाली आणि ध्वज ओळखणे, चढवणे, उतरवणे हे आमच्या शाखेचे रोजचे काम असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

अवमान मुळीच नाही. पुढच्या टोकावरच्या ध्वजाला ‘जॅक’ म्हणतात आणि आपल्या नौदलात जॅक म्हणून राष्ट्रध्वजच लावला जातो. जहाज धक्क्याला बांधलेले आहे किंवा नांगरलेले आहे, एवढे तो दुरून पाहणाऱ्याला सांगतो. शेवटचा दोर सुटला किंवा नांगराने तळ सोडला की जहाज चालते झाले, म्हणून त्याच क्षणी जॅक खाली येतो, आणि परतल्यावर पहिला दोर धक्क्यावर पडताच तो पुन्हा चढतो. या कामात क्षणाचाही उशीर झालेला आमच्या वरिष्ठांना खपत नसे, कारण उशिरा उतरलेला जॅक खोटी बातमी देतो. शिवाय जॅक उतरल्यावरही तिरंगा जहाजावर असतोच. ज्याला आपण ‘निराळा पांढरा ध्वज’ म्हणालात, त्या नौदल ध्वजाच्या, म्हणजे एन्साइनच्या, काठीकडच्या वरच्या चौकोनात तिरंगाच आहे.

या एन्साइनचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. 26 जानेवारी 1950 पासून त्यावर ब्रिटिश परंपरेतला सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस होता, फक्त कोपऱ्यातल्या युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला. 2001 मध्ये क्रूस काढून पांढऱ्या कापडावर नौदलाचे निळे बोधचिन्ह घेतले, पण आभाळ आणि पाणी यांच्या निळाईत ते दुरून नीट ओळखू येईना, म्हणून 2004 मध्ये क्रूस परत आला आणि त्याच्या मध्यभागी अशोकस्तंभाचे राजचिन्ह बसवले गेले. ज्याने दुर्बिणीतून पाच-सहा मैलांवरचे जहाज ओळखण्याची धडपड केली आहे, त्याला हे कारण लगेच पटेल. पुढे 2 सप्टेंबर 2022 रोजी कोची येथे नवी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्याच समारंभात आजच्या एन्साइनचे अनावरण झाले. त्यावर निळ्या अष्टकोनात नांगर, राजचिन्ह आणि ‘शं नो वरुणः’ हे ब्रीद आहे, आणि त्या अष्टकोनाची प्रेरणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेची आहे. मराठी माणूस म्हणून ती बातमी पाहताना माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

बंदरात असताना सकाळी आठ वाजता ‘कलर्स’, म्हणजे ध्वज चढवण्याचा विधी, होतात. पाच मिनिटे आधी तयारीचा झेंडा चढतो, मग बोसनची शिट्टी वाजताच डेकवरचा प्रत्येक जण असेल तिथे ताठ उभा राहतो, अधिकारी सलामी देतात आणि ध्वज चढतो. चढवताना चपळाईने आणि सूर्यास्ताला उतरवताना सावकाश, हा नियम ध्वजसंहितेतलाच आहे. शोकप्रसंगी अर्ध्यावर उतरवायचा असेल तेव्हाही तो आधी टोकापर्यंत नेऊन मगच खाली आणतात, आणि संध्याकाळी काढण्यापूर्वी पुन्हा एकदा टोकाला नेतात. जहाजावर पाऊल ठेवणारा नौसैनिक क्वार्टरडेककडे, म्हणजे मागच्या बाजूच्या डेककडे, वळून सलामी देतो, तीही याच आदरातून.

सलामीवरून आठवले. खोल समुद्रात व्यापारी जहाज युद्धनौकेजवळून गेले तर ते आपला ध्वज झुकवते. युद्धनौका स्वतःहून आधी झुकवत नाही, पण उत्तर म्हणून आपले एन्साइन झुकवून लगेच वर नेते, आणि त्यानंतरच व्यापारी जहाज आपला ध्वज पूर्ववत करते. राष्ट्रध्वज मात्र कोणाहीपुढे झुकवला जात नाही. व्यापारी जहाजांचा विषय निघालाच आहे तर ग्वाल्हेरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 5 एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिवस ज्या जहाजामुळे पाळला जातो, ते 1919 मध्ये मुंबईहून लंडनला निघालेले ‘लॉयल्टी’ आधी आमच्या माधवराव महाराज शिंद्यांच्या मालकीचे होते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून त्यांनी ते दिले होते. समुद्रापासून इतक्या दूरच्या संस्थानाचे ते जहाज होते, हे इथल्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

आता रात्रीचे. ध्वजसंहितेच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर घरावर तिरंगा रात्रंदिवस ठेवता येतो, परंतु बंदरातल्या युद्धनौकेवर सूर्यास्ताची रीत कायम आहे, आणि त्यानंतर जॅक व एन्साइन दोन्ही काठ्या रिकाम्या असतात. तरीही मुख्य डोलकाठीच्या टोकाला नीट पाहिलेत तर एक लांब, निमुळती पताका दिसेल. ती कमिशनिंग पेनंट. जहाज नौदलात दाखल होते त्या दिवशी ती चढते आणि दिवस असो वा रात्र, बंदर असो वा समुद्र, तिथेच राहते. ध्वजाधिकारी, म्हणजे अॅडमिरल दर्जाचा अधिकारी, जहाजावर आपला ध्वज लावतो तेव्हाच ती त्याला जागा देते. जहाज निवृत्त होते त्या संध्याकाळी एन्साइनबरोबर ती शेवटची उतरते. विमानवाहू नौका ‘विराट’वर हा प्रसंग 6 मार्च 2017 रोजी मुंबईत झाला. मी स्वतः एका लहान जहाजावर ती उतरवली आहे. वर्षानुवर्षे वाऱ्यावर असल्यामुळे तिच्या टोकाचे धागे सुटले होते आणि ती हातात आली तेव्हा डेकवर कोणीही बोलत नव्हते.