‘कार्डकॅप्टर साकुरा’ ही जपानी कार्टून मालिका आठ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांना एकत्र दाखवता येईल का?

दाखवा. दोघांनाही दाखवा आणि पहिल्या भागापासून दाखवा. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुम्ही प्रश्नाच्या शेपटाला जोडलंय, ‘मुलींची मालिका आहे, मुलगा कंटाळेल. ली नावाचा मुलगा येतो तिथून सुरू केलं तर चालेल का?’ या एका वाक्यावरून आमच्या घरात पंचवीस वर्षं भांडण चालू आहे. त्यामुळे आता जरा ऐकून घ्यावं लागेल.

आम्ही १९९९ साली पुण्याहून न्यू जर्सीत एडिसनला गेलो. बाबा वर्षभर आधी गेले होते. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, एक टीव्ही, दोन मुलं. मराठी शाळा रविवारी असायची, म्हणून शनिवारची सकाळ आमची. अकरा नंबरच्या चॅनेलवर किड्स डब्ल्यूबी, म्हणजे मुलांची कार्टून, लागायचं. दादा बारा वर्षांचा, पोकेमॉनसाठी बसायचा. मी नऊ वर्षांची, दादा बसलाय म्हणून बसायचे. जून २००० मध्ये तिथे ‘कार्डकॅप्टर्स’ सुरू झालं.

नाव परत वाचा. कार्डकॅप्टर्स. साकुराचं, म्हणजे नायिकेचं, नाव काढून टाकलं आणि मागे अनेकवचन चिकटवलं. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळत नाही. चौतिसाव्या वर्षी कळतं आणि मग झोप येत नाही.

आम्ही पाहिलेल्या पहिल्याच भागात हिरव्या डगल्यातला एक मुलगा हाँगकाँगहून येतो, साकुराकडे रागाने बघतो आणि म्हणतो जादूची कार्डं दे. तिच्याकडे कार्डं आधीपासून आहेत. तिच्या टेबलाच्या खणात एक पिवळं, पंखवालं, सतत खायला मागणारं खेळण्यासारखं जनावर राहतं. ते कुठून आलं, कार्डं कुठून आली, ही मुलगी रात्री छडी घेऊन का फिरते, काही पत्ता नाही. दादाने तिथल्या तिथे निकाल दिला: ज्याच्या येण्याने गोष्ट सुरू होते तो हीरो. ली हीरो. साकुरा त्याच्याबरोबरची. मी म्हटलं, कार्डं तर ती पकडते. तो म्हणाला, तोसुद्धा पकडतो. (पकडतो, काही कार्डं पकडतो. हे मी तेव्हाही मान्य केलं होतं आणि आजही करते.)

मग आलं हॅलोविन.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात होती. म्हणजे लक्ष्मीपूजन, भाऊबीज आणि लगेच दोन-तीन दिवसांत हॅलोविन. भाऊबीजेला दादाने ओवाळणी म्हणून मला महिनाभरासाठी टीव्हीचा रिमोट दिला होता, तो त्याने चौथ्या दिवशी परत घेतला, पण तो वेगळा विषय आहे. आईकडे गराज सेलमधून पंधरा डॉलरला घेतलेलं शिवणयंत्र होतं. दादाने आधी नंबर लावला: त्याला लीचा हिरवा डगला हवा, पुढे तो पांढरा-काळा गोल, टोपी, सगळं. हिरवं कापड म्हणून आईने ट्रंकेतून एक साडी काढली. कसली साडी? डोहाळजेवणाची. कोणाच्या वेळच्या? माझ्या. मी पोटात असताना आई जी हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसली होती, तिचा दादाने ली केला.

साडी नेमकी तेवढीच पुरली. बाह्या आईने मोठ्या ठेवल्या, त्यात कापड गेलं. माझ्यासाठी गुलाबी काही शिवायला ना कापड ना वेळ. मी रडायला लागले तेव्हा आई म्हणाली, ‘अगं, पण तिचा ड्रेस दर वेळी वेगळाच असतो ना? ती मैत्रीण शिवते तो. मग आजचा खणाचा आहे असं समज.’ आणि मला दिवाळीचं परकर-पोलकं घातलं. साकुराच्या छडीला वर पक्ष्याची चोच असते, ती आम्ही आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदाची केली होती.

आई मालिका पोळ्या लाटताना अर्धवट बघायची. तरी तिने जे पकडलं ते मला फार उशिरा समजलं. जादूगार मुलींच्या मालिका जपानात १९६६ च्या ‘सॅली’ या मालिकेपासून चालत आल्या आहेत, आणि १९९२ मध्ये सेलर मून आल्यावर साचा पक्का झाला: मुलगी मंत्र म्हणते, फिरते, फिती उडतात, अंगावर आपोआप पोशाख येतो. साकुराचं असं होत नाही. तिच्याकडे छडी आहे, पोशाख नाही. तिची मैत्रीण तोमोयो तिच्यासाठी दर वेळी नवा पोशाख शिवते आणि वर कॅमेरा घेऊन मागे धावते. या मालिकेत जादू पुस्तकातून येते, पण कपडे सुई-दोऱ्यातून येतात. आमच्या घरातली तोमोयो पंधरा डॉलरच्या यंत्रावर बसली होती आणि मी तिच्यावर रुसले होते.

तर आम्ही दोघं निघालो. पहिल्याच दारावर एका बाईंनी दादाकडे बघून म्हटलं, अरे, हा तर कार्डकॅप्टर! त्यांच्या घरातही शनिवारी तेच लागत असणार. मग माझ्याकडे बघून, ‘आणि तू इंडियन प्रिन्सेस का?’ मी चोच दाखवली. त्यांना तो पोपट वाटला. दादाने एक शब्द काढला नाही. चॉकलेटं घेतली आणि पुढच्या दाराकडे चालू लागला. सगळ्या मजल्यांवर मी इंडियन प्रिन्सेस आणि तो कार्डकॅप्टर. परत येताना म्हणाला, ‘बघ, लोकांनाही माहितीये.’

आता खरी गोष्ट. २००४ मध्ये गावच्या लायब्ररीत मला मूळ मालिकेच्या, जपानी आवाजाच्या डीव्हीडी मिळाल्या. पहिली डिस्क लावली. वडिलांच्या तळघरातल्या ग्रंथालयात एक दहा वर्षांची मुलगी एकटी जाते, एक जुनं पुस्तक उघडते, वरचं कार्ड हातात घेऊन त्यावरचं नाव मोठ्याने वाचते, आणि वाऱ्याचा असा झोत येतो की बाकीची सगळी कार्डं उडून गावभर जातात. चूक तिची. निस्तरायचंही तिने. ती म्हणते मला जमणार नाही, आणि ते पिवळं जनावर म्हणतं की जमवावंच लागेल. ली कुठे आहे? कुठेच नाही. दुसऱ्या भागात नाही, तिसऱ्यात नाही. मी डिस्कमागून डिस्क लावत गेले. ली उगवतो आठव्या भागात.

अमेरिकेत मालिका सुरूच केली होती आठव्या भागापासून. ७० पैकी ३९ भाग दाखवले, क्रम बदलून. कारण सरळ होतं: मुलगेही बघायला हवेत, म्हणून मुलगा पहिल्याच भागात हवा. नावं बदलली, साकुरा किनोमोतो झाली साकुरा अ‍ॅव्हलॉन, तोमोयो झाली मॅडिसन. कोण कोणावर जीव टाकतं त्यातलं बरंचसं कापलं. म्हणजे दादाचा निकाल त्याचा नव्हताच. तो एका ऑफिसात कोणीतरी आधीच लिहून ठेवला होता. मी धावत सांगायला गेले. सोळा वर्षांच्या दादाने हेडफोन एका कानावरून काढला, ‘मग? आपल्याला तेच दाखवलं ना,’ म्हणाला आणि परत लावला.

म्हणून तुम्हाला सांगते, लीपासून सुरू करू नका. पहिले सात भाग कंटाळवाणे नाहीत, उलट तुमच्या दोघांसाठी तेच जास्त कामाचे आहेत. साकुराच्या घरात आई नाही. ती तीन वर्षांची असताना गेली. वडील प्राध्यापक आहेत आणि स्वयंपाक करतात. घरकामाच्या पाळ्या लावलेल्या आहेत. मोठा भाऊ तोया तिला सारखा राक्षस म्हणून चिडवतो, पण स्वयंपाक करतो, आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानात कधी ना कधी पार्ट टाइम नोकरी करताना दिसतो. चौथ्या भागात रविवारी घरकाम एकट्या साकुराच्या गळ्यात पडतं आणि त्यातच घरभर झाड उगवतं. तुमचा सहा वर्षांचा मुलगा हे बघून कंटाळला तर मला येऊन सांगा.

सहाव्या भागाला मात्र शेजारी बसा. शाळेमागच्या रानात भूत दिसतंय अशी अफवा असते, आणि प्रत्येकाला वेगळंच भूत दिसतं. साकुराला आई दिसते. ते एक कार्ड असतं, आई नसते. मी तो भाग तेराव्या वर्षी पाहिला आणि उठून स्वयंपाकघरात आईला बघून आले. तिने विचारलं काय गं, मी म्हटलं काही नाही.

कुठल्या भाषेत दाखवावं, हेही तुम्ही विचारलंय. जपानी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, आणि ती तुम्ही मराठीत मोठ्याने वाचा. हो, सत्तर भाग. घसा बसेल. पण केरोचं, म्हणजे त्या पिवळ्या जनावराचं, बोलणं तुम्हाला हवं तसं करता येईल. ते पुस्तक बरीच वर्षं ओसाकात होतं म्हणून केरो ओसाकाच्या बोलीत बोलतो. इंग्रजीत त्याचं नुसतं आगाऊ पोरगं झालं. मी भाचीला वाचून दाखवताना त्याला कोल्हापुरी करते. ‘काय गं पोरी, खायाला काय हाय?’ इतकं चपखल बसतं की आता मला त्याचा मूळ आवाजच खोटा वाटतो. वाचणं जमत नसेल तर अ‍ॅनिमॅक्स वाहिनीने केलेलं इंग्रजी भाषांतर चालेल. आवाज सपाट आहेत, पण सत्तरही भाग आहेत आणि नावं जागच्या जागी आहेत. मुलीला कोणी अ‍ॅव्हलॉन म्हणालं की बंद करा.

‘मुलींची मालिका’ याबद्दल आणखी थोडं, कारण दादा अजून सुटलेला नाही. ही मालिका क्लॅम्प नावाच्या चौघी बायकांच्या गटाच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, झाली. तो मांगा मुलींच्या ‘नाकायोशी’ मासिकात यायचा. मॅडहाउस स्टुडिओने मालिका केली, मोरिओ असाका दिग्दर्शक, आणि जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या, एनएचकेच्या, उपग्रह वाहिनीवर एप्रिल १९९८ ते मार्च २००० ती चालली. मुलींसाठी काढली, बरोबर आहे. पण म्हणून मुलाला आत यायला एखादा मुलगा दारात उभा करावा लागतो हे कोणी ठरवलं? आणि ज्या लीच्या जोरावर दादा नाचत होता, तो मूळ मालिकेत कोण आहे माहितीये? तोयाच्या मित्राला, युकितोला, बघून लालबुंद होणारा मुलगा. साकुराही त्याच युकितोवर भाळलेली, म्हणून दोघांची चुरस. आणि शेवटी हाँगकाँगला परत जाताना साकुराला काय देतो? स्वतः बसून, हाताने शिवलेलं टेडी बेअर. तलवारवाला सुई-दोरा घेऊन बसतो. दादा तोवर बास्केटबॉलकडे वळला होता, त्याला हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, ‘खोटं.’ मी फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

एक गोष्ट मी वरच सांगायला हवी होती. साकुराच्या वर्गातली रिका, म्हणजे चौथीतली मुलगी, आणि त्यांचे वर्गशिक्षक तेरादा यांच्यात काहीतरी आहे. मांगात तर सरळ अंगठी आहे. मालिकेत ते सौम्य केलंय, मुलांच्या लक्षातही येणार नाही, पण तुमच्या येईल आणि तुम्ही चहा बाजूला ठेवाल. साकुराच्या आईचं लग्नही सोळाव्या वर्षी झालेलं, आणि वडील तेव्हा तिच्याच शाळेत शिक्षक. याची वकिली मी करणार नाही. मला ही मालिका जीव की प्राण आहे आणि हा भाग मला किळसवाणा वाटतो, दोन्ही. मूल विचारेल तेव्हा ‘हे चूक आहे’ म्हणा आणि पुढे चला. तोया-युकितो आणि तोमोयोचं साकुरावरचं प्रेम यांबद्दल मात्र असा घसा खाकरायची काही गरज नाही. तोमोयोला बदल्यात काही नको असतं, आणि मोठेपणी बघताना सगळ्यात जास्त पोटात तुटतं ते तिच्यासाठी.

किती दिवसांत संपवावं वगैरे मला विचारू नका. कार्डं गोळा करण्याची गोष्ट ४६ व्या भागात एका टप्प्यावर येते, तिथे सुट्टी घेता येते. नंतरचे २४ भाग थोडे रेंगाळतात. मांगात कार्डं एकोणीसच होती, मालिकेने बावन्न केली, म्हणून मध्ये पाणी घातल्यासारखंही वाटेल. चालतं. वरणातही पाणी घालावं लागतं.

बाकी तुमच्या प्रश्नाला उत्तर झालं. उरलेलं दादासाठी, कारण आई ही लिंक त्याला पाठवणारच. दादा, मागच्या महिन्यात तू ग्रुपवर लिहिलंस की पोरीला साकुरा दाखवायची आहे आणि ‘लीच्या एंट्रीपासून’ सुरू करणार आहेस. तो हिरवा डगला आईच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे, डांबराच्या गोळ्यांत. मी घालून बघितला, मला होत नाही. तुझ्या पोरीला होईल, बाह्या थोड्या दुमडाव्या लागतील. घेऊन जा. पण आधी पहिले सात भाग.