बेडकाच्या डोळ्यातील भिंग कशापासून घडते?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या आमच्या शेतातील डबक्यात यंदा पहिल्या पावसानंतर बेडकाची अंडी दिसली. माझी मुलगी ती रोज जाऊन पाहत असे. काही दिवसांतच पिल्लांच्या डोक्यावर दोन काळे ठिपके उमटले. एवढ्याशा जिवाच्या डोळ्यात भिंग कसे तयार होते? त्यासाठी एखादे ठरावीक जनुक असते का?

उत्तर : आपल्या मुलीने पाहिलेला काळा ठिपका मेंदूपासून बनतो. गर्भाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंना फुगवटे निघतात आणि त्यांतून दृष्टिपटल व त्यामागचा काळा थर तयार होतो. भिंग मात्र त्या फुगवट्यासमोरील त्वचेचे असते.

हान्स श्पेमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९०१ साली बेडकाच्या गर्भातील भावी डोळ्याचा भाग तापलेल्या सुईने जाळला, तेव्हा त्या बाजूला भिंगही झाले नाही. त्यामुळे फुगवट्याच्या स्पर्शानेच त्वचेचे भिंग होते, असे मानले गेले. पुढे बेडकाच्या दुसऱ्या एका जातीत त्यांनाच डोळ्याविना भिंग आढळले. हा पेच मला फार मोलाचा वाटतो, कारण त्वचेची तयारी फुगवटा येण्याच्या आधीच सुरू झालेली असते, हे त्यातूनच पुढे उलगडत गेले.

ही तयारी जनुके करतात, आणि ते एकट्या जनुकाचे काम नाही. झेनोपस या आफ्रिकी बेडकात डोक्याच्या भागातील त्वचेत आधी ओटीएक्स-२ हे जनुक कार्यरत होते. पॅक्स-६ हेही या तयारीतले महत्त्वाचे जनुक आहे. मग फुगवटा त्वचेला येऊन भिडतो आणि त्याच्याकडून नॉच नावाचा संदेश मिळतो. फॉक्स-ई-३ या जनुकाच्या नियंत्रक भागावर ओटीएक्स-२ आणि नॉचचा संदेश हे दोन्ही एकत्र आले की ते जनुक जागे होते, असे २००८ साली दाखवण्यात आले. जागा योग्य आणि शेजारही योग्य असेल तरच भिंगाला सुरुवात होते, ती अशी.

कोंबडीत त्वचा आत वळून पिशवी बनते. बेडकात मात्र दुपदरी त्वचेचा आतला पदर जाड होऊन पेशींचा भरीव गोळा तयार होतो. त्यातील पेशी लांबट होतात, क्रिस्टलिन प्रथिनांनी भरतात आणि शेवटी आपले केंद्रकही गमावतात. भिंग पारदर्शक होते ते यामुळेच.

माणसातही हीच जनुके आहेत. फॉक्स-ई-३च्या दोन्ही प्रती निकामी असलेली काही बालके भिंगाविनाच जन्माला आल्याची नोंद आहे.