मैदानावर चक्रव्यूह काढायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई, मी धायरीतल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. सुट्टी लागायच्या आधी मुलं, पालक आणि शेजारच्या मंडळाची पोरं मिळून मैदानावर मोठा चक्रव्यूह करायचं ठरलंय. मुख्याध्यापक म्हणतात सरळ सिमेंटमध्ये पक्काच करू, आणि पालकसभेत एक काका म्हणाले पोरं आत हरवली तर? ड्रॉइंगच्या सरांनी हात वर केलेत. कसं करायचं?

उत्तर : आधी त्या काकांना सांगा की यात हरवायला जागाच नाही. भूलभुलैया वेगळा, त्यात फाटे असतात. याची वाट एकच, वळत वळत मध्यात जाते आणि त्याच वाटेने परत, त्यामुळे आपल्या मुलांचा अभिमन्यू व्हायची भीती नाही. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात चक्रव्यूहाचं बाराव्या शतकातलं शिल्प आहे, तेही एकाच वाटेचं. त्याचा फोटो दाखवा, काका निम्मे गार होतील.

सिमेंट नको, निदान यंदा तरी नको. पहिला फक्कीनेच काढा, कबड्डीचं मैदान आखतो तसा. चुकला तर झाडूने पुसता येतो, आणि चुकणार आहेच. (कळीचा चुना मात्र कोणी आणू देऊ नका, डोळ्यात गेला तर भाजतो.)

आता आकृती. 7 फेऱ्यांची, वाट 2 फुटांची धरा. मैदानावर 8 फुटी अधिकचं चिन्ह काढा, चारही कोपऱ्यांना एकेक ठिपका, म्हणजे 8 फुटांचा चौकोन झाला. प्रत्येक घरात अधिकला समांतर एक काटकोन, दोन्ही बाजू 2-2 फुटांच्या. मग अधिकच्या वरच्या टोकापासून 1 फूट उजवीकडे खिळा ठोका, त्याला सुतळी बांधा आणि सुतळीला 1, 3, 5 असं करत 15 फुटांपर्यंत 8 गाठी. त्या खिळ्यावरून वरचे आठही अर्धगोल निघतात! पहिला अधिकच्या टोकाला उजवीकडच्या टोकाशी जोडतो, मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्याला, असं करत खाली यायचं. खालची वळणं कोपऱ्यातल्या ठिपक्यांभोवती, ती नजरेनेच घेतली तरी चालतात. पण आधी वहीत प्रत्येकाने दहा वेळा काढायची, अगदी मंडळाच्या दादांनीसुद्धा, नाहीतर मैदानावर नुसते सल्ले.

जागा 30 फूट रुंद आणि 27 फूट उंच लागते आणि अधिक मधोमध येत नाही, इथेच आमची फजिती झाली होती. आम्ही हौसेने बरोबर मध्यावर अधिक काढला आणि शेवटची रेघ थेट पाण्याच्या टाकीत शिरायला निघाली, सगळं पुसून परत, तोपर्यंत ऊन डोक्यावर आणि अर्धे पालक चहाला पसार. अधिकच्या मध्यापासून वर 19 फूट हवेत, खाली 8 पुरतात. शाळेत व्हीलचेअरवरचं मूल असेल तर वाट निदान 3 फुटांची करा, मग सगळीच मापं दीडपट, रुंदी 45 फूट.

आता चालायची गंमत. आत शिरल्यावर आधी तिसरी फेरी येते, मग दुसरी, मग एकदम बाहेरची पहिली, म्हणजे आत जायचं सोडून मूल कडेलाच येतं. पुढे चौथी आणि तिथून थेट सातवी, अगदी मध्याला खेटून, आता पोचलोच असं वाटतं तोवर वाट परत सहाव्या-पाचव्या फेरीत नेते आणि मग अचानक आत. आमच्याकडची एक चिमुरडी तिथे कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली, म्हणाली, हे फसवतंय. येणारा-जाणारा समोरासमोर आले की कोणी रेघेवर पाय ठेवायचा यावरून भांडणं होतात, ती होऊ द्या, मुलं आपापले नियम काढतात.

प्रश्न : हाच पुढे विटांचा करायचा तर विटा किती?

उत्तर : रेघांची एकूण लांबी 360 फुटांच्या आसपास, वीट 9 इंची, म्हणजे साधारण 480. जुन्या बांधकामाच्या आणा, दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलं गोळा करतातच की. नुसत्या ठेवायच्या, सिमेंट न लावता. आणि दोरी सुतळीचीच घ्या, नायलॉनची ताणली की लांबते आणि मग गोल कुठल्या कुठे जातात.