चयापचय, पचन आणि ‘तब्येत सुधारली’

अमळनेरचे एक वाचक स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करत आहेत. मूळ मजकुरात ‘मेटाबॉलिक’ हा शब्द जागोजागी आहे. त्याला ‘पचनाच्या तक्रारी’ म्हणावं की ‘चयापचयाचे विकार’? आणि वजन वाढतं तिथे ‘तब्येत सुधारते’ लिहिलं तर आपल्या लोकांना चटकन कळेल का, असं त्यांनी विचारलंय.

पचन नको. ‘चयापचय’मध्ये कानाला ‘पच’ ऐकू येतो, पण तो संधीतला भास. चय (शरीरात होणारी जुळणी) आणि अपचय (मोडणी) असा तो द्वंद्व समास. धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणं. ‘संचय’ त्याचाच भाऊ. ‘पचन’ आलंय ‘पच्’ धातूवरून, त्याचा इथे संबंध नाही. ‘पचनाच्या तक्रारी’ छापलंत तर वाचणारा ओवा शोधायला लागेल. इथे पाहायचं असतं ते कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि चांगलं कोलेस्टेरॉल. या पाचांपैकी तीन बिघडले की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडच्या लोकांसाठी घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. ‘चयापचय’ जड वाटत असेल तर ‘मेटाबॉलिक’च ठेवा, पण ही पाच नावं लगेच पुढे द्या.

‘तब्येत सुधारते’ मात्र अजिबात लिहू नका. आपल्याकडे ‘तब्येत’ म्हणजे प्रकृती आणि ‘तब्येत’ म्हणजे अंगावरचं मांसही. पोरगं होस्टेलवरून बारीक होऊन आलं की ‘तब्येत उतरली’, भरलं की ‘सुधारली’. जळगाव-धुळ्याकडे भेटायला आलेली मावशी ‘आते त्यानी तब्येत सुधरी गयी’ म्हणते तेव्हा कौतुकच करत असते. अंग धरणं, अंगी लागणं, अंगानं भरणं, सगळे शब्द शाबासकीचे. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधांवर असलेल्या मुलाचं वजन काही महिन्यांत वाढलं की घरचे म्हणतात, ‘गोळ्या अंगी लागल्या.’ नेमकी तेव्हाच कंबर मोजायची असते.

या विषयावरचं संशोधन कसकसं वळत गेलं हेही पत्रकात येऊ द्या, कारण त्यावर शब्द ठरतात. वेड आणि मधुमेह एकाच घराण्यात दिसतात, असं ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी 1879 सालीच लिहून ठेवलं होतं. तेव्हा या गोळ्या नव्हत्या. या आजारावरचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, आलं ते 1952 साली. पुढे नव्या पिढीची औषधं आली आणि सगळं बोट त्यांच्याकडे वळलं. 2004 साली अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून सांगितलं, की औषध सुरू करतानाच वजन, घेर, साखर, चरबी मोजा आणि पुढेही मोजत राहा. नंतर स्किझोफ्रेनियाच्या पहिल्याच झटक्यातल्या, अजून एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांच्या तपासण्या झाल्या, तर त्यांच्यातही साखरेचं गणित थोडं बिघडलेलं सापडलं. मॉड्स्लींचं म्हणणं असं फिरून पुढे आलं. आता भर आहे वेळीच मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी देण्यावर आणि सेमाग्लुटाइडसारख्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांवर.

म्हणून ‘औषधांमुळे होणारा विकार’ असं सरसकट नको. ‘आजारासोबत येणारा, काही औषधांनी वाढणारा’ असं लिहा. लांबतं, पण खरं आहे. 2009 साली फिनलंडमधल्या अकरा वर्षांच्या नोंदींतून दिसलं, की मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी होतं ते क्लोझापिन घेणाऱ्यांत, म्हणजे वजन वाढवण्यात अग्रेसर असलेल्या औषधावर! पत्रक वाचून कोणी गोळ्या परस्पर बंद केल्या तर व्याकरण शुद्ध असून उपयोग काय?

स्किझोफ्रेनियाचा मराठी प्रतिशब्द ‘छिन्नमनस्कता’ शीर्षकात एकदा पुरे. त्या शब्दानं लोकांना दोन व्यक्तिमत्त्वांचा माणूस आठवतो, तो आजारच वेगळा.

आणि वजनाच्या ओळीसाठी माझा मसुदा: ‘वजन वाढलं म्हणजे तब्येत सुधारली असं धरू नका, महिन्याला वजन करा, कंबर बेंबीच्या पातळीवर टेपनं मोजा, आकडा डॉक्टरांना सांगा.’