संविधानाची वकिली करायची असेल तर

प्रश्न : मी साताऱ्याची, बारावी कला शाखेत शिकते. अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) केलेल्या कायद्याची तरतूद घटनाबाह्य ठरवल्याचे वाचल्यापासून मला संविधानाचीच वकिली करायची आहे. मार्शल स्वतः कायदा फारच थोडे दिवस शिकले होते, मग मी पाच वर्षे का द्यावीत? शिवाय बाबा म्हणतात, या कामात पोट भरत नाही.

उत्तर : मार्शल यांनी १७८० मध्ये विल्यम अँड मेरी महाविद्यालयात जॉर्ज विथ यांची व्याख्याने थोडाच काळ ऐकली, हे खरे आहे, मात्र १८०१ मध्ये सरन्यायाधीश होण्यापूर्वी त्यांनी व्हर्जिनियात अनेक वर्षे वकिली केली होती आणि त्यांचे खरे शिक्षण तिथेच झाले. १७९६ मध्ये ब्रिटिश सावकारांच्या जुन्या कर्जाच्या एका खटल्यात ते कर्जदारांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. राज्यघटनेने स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय न्यायालयाला कायद्याची वैधता तपासता येत नाही, असा युक्तिवाद त्यांनी तेव्हा केला आणि ते हरले. सातच वर्षांनी, तू वाचलेल्या त्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्याच्या निकालपत्रात त्यांनी नेमकी उलट भूमिका मांडली. पक्षकारासाठी एक बाजू मन लावून लढलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचे बळही कळते, असे मला वाटते.

मार्बरी खटल्याचा निकाल तू मुळातून वाच. विल्यम मार्बरी यांची न्यायदंडाधिकारी म्हणून नेमणूक झाली होती, नियुक्तिपत्रावर सही-शिक्काही झाला होता, पण ते त्यांच्या हाती पडण्याआधीच सरकार बदलले आणि नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी ते दिले नाही. (तो शिक्का आधीचे परराष्ट्रमंत्री म्हणून खुद्द मार्शल यांनीच उमटवला होता, आजच्या अपेक्षेप्रमाणे त्यांनी या सुनावणीतून बाजूला व्हायला हवे होते.) मार्शल यांनी क्रमाने तीन प्रश्न विचारले : मार्बरी यांना हक्क आहे का, कायद्यात त्यावर उपाय आहे का, आणि तो उपाय हे न्यायालय देऊ शकते का? पहिल्या दोन्हींना होकार मिळाला. तिसऱ्यापाशी मात्र अडले, कारण १७८९ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाला थेट परमादेश (अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य बजावण्याचा हुकूम) देण्याचा जो अधिकार दिला होता, तो राज्यघटनेने आखलेल्या मूळ अधिकारक्षेत्रात, म्हणजे खटला थेट याच न्यायालयात सुरू करता येण्याच्या कक्षेत, बसत नव्हता. म्हणून ती तरतूद घटनाविरोधी ठरली आणि मार्बरी यांना नियुक्तिपत्र मिळाले नाही. घटनाविरोधी कायदा न्यायालय रद्द ठरवू शकते, हा एवढा मोठा सिद्धान्त ‘दाद नेमकी कुठे मागायची’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नातून उभा राहिला, म्हणूनच संविधानाची वकिली करू इच्छिणाऱ्याने दिवाणी प्रक्रिया आणि अधिकारक्षेत्र यांचा अभ्यास कंटाळवाणा मानू नये, असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे कायदा रद्द ठरवण्याचा हा अधिकार न्यायालयाला तर्काने सिद्ध करावा लागला नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या मर्यादेत शून्यवत ठरतो, असे अनुच्छेद १३ मध्येच लिहिले आहे. दाद मागण्यासाठी अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालयात) आणि २२६ (उच्च न्यायालयात) आहेत.

आता पाच वर्षांबद्दल. भारतात मान्यताप्राप्त पदवी, सनद (वकिलीचा परवाना) आणि अखिल भारतीय बार परीक्षा यांवाचून वकिली करता येत नाही, त्यामुळे मार्शल यांचा मार्ग तुला मोकळा नाही. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची विधी सीईटी दे. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे असेल तर क्लॅट ही त्यांची सामाईक प्रवेश परीक्षाही दे.

बाबांची काळजी रास्त आहे. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालची पहिली काही वर्षे तुटपुंज्या मिळकतीची असतात आणि केवळ घटनात्मक खटल्यांवर क्वचितच कोणाचे घर चालते. जमिनीचे, सेवाविषयक, नगरपालिकांचे दावे चालवतानाच रिट याचिका (अनुच्छेद ३२ किंवा २२६ खालचे अर्ज) हाती येतात. तुझ्या जिल्ह्यापुरता एक मोठा बदल मात्र त्यांना सांग : १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले असून सातारा जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, म्हणजे उच्च न्यायालयात काम करण्यासाठी मुंबईत बिऱ्हाड करण्याची सक्ती आता उरलेली नाही. पुढे न्यायाधीश व्हावेसे वाटले, तरी मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक आहे; तेव्हा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात घालवलेली वर्षे दोन्ही वाटांवर तुझ्या उपयोगी पडतील.