पडद्यावरचा पियानो: बोटांकडे नाही, पायाकडे पाहा

प्रश्न असा आहे की ‘ला ला लँड’ या सिनेमासाठी नट रायन गॉसलिंग तीन महिन्यांत पियानो शिकला म्हणतात ते शक्य आहे का, आणि एकूणच सिनेमात दिसणारं पियानोवादन कितपत खरं असतं. मी पियानो वाजवते आणि शिकवते. पडद्यावर पियानो आला की कथा बाजूला राहते आणि माझी नजर वाजवणाऱ्यावर खिळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गॉसलिंगची गोष्ट खरी आहे. साधारण तीन महिने त्याने कसून सराव केला आणि पडद्यावर दिसणारे हात त्याचेच आहेत. मात्र कानावर पडणारं वादन रँडी कर्बर या पियानोवादकाचं आहे. गॉसलिंगने सिनेमात लागणाऱ्या ठरावीक रचना, त्या ध्वनिमुद्रणाशी जुळतील अशा, हातात बसवल्या. ही मेहनत छोटी नाही. पण समोर नवीन नोटेशन (कागदावर लिहिलेली स्वरलिपी) ठेवलं तर ते वाचून वाजवता येणं, ही त्यापेक्षा फार वेगळी आणि फार लांबची गोष्ट आहे.

नटाला वाजवता येत नसेल तर काय करतात, याच्या युक्त्या बऱ्याच जुन्या आहेत. ‘कासाब्लांका’त (१९४२) सॅम या पियानोवादकाचं काम करणारा डूली विल्सन मुळात ड्रमवादक होता, त्याला पियानो येत नव्हता. इलियट कार्पेंटर कॅमेऱ्याबाहेर बसून वाजवायचा आणि विल्सन त्याचे हात पाहून आपले हात हलवायचा. ‘ग्रीन बुक’मध्ये (२०१८) चेहरा महर्शला अलीचा आणि अवघड जागी हात संगीतकार क्रिस बॉवर्सचे, दोन्ही संगणकावर जोडलेले. म्हणजे आता बोटं शंभर टक्के बरोबर दाखवता येतात. म्हणूनच केवळ बोटांवरून खऱ्या-खोट्याची पारख करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

मी पाय पाहते. पियानोत पट्टी दाबली की त्या तारेवर टेकलेली दाबपट्टी उचलली जाते आणि नमद्याची हातोडी तारेवर आपटते. बोट उचललं की दाबपट्टी परत तारेवर बसते आणि आवाज थांबतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्याच दाबपट्ट्या उचललेल्या राहतात, त्यामुळे बोटं सुटली तरी स्वर घुमत राहतात. आता एका कॉर्डवरून (एकत्र वाजवलेल्या स्वरांवरून) दुसऱ्यावर जाताना आधीचा आवाज पुढच्यात मिसळून चिखल होऊ नये, म्हणून नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर येतो आणि लगेच परत खाली जातो. म्हणजे हात खाली जातो तेव्हा पाय वर येत असतो. शिकणाऱ्याला ही उलटी चाल अंगवळणी पडायला बराच काळ लागतो. नट मात्र बहुतेक वेळा हाताबरोबरच पाय दाबतो, जणू ठेका धरलाय. किंवा शेवटचा कॉर्ड वाजवून दोन्ही हात हवेत उचलतो, आवाज घुमत राहतो, आणि पाय बघावा तर पेडलपासून वीतभर दूर. तसं झालं तर प्रत्यक्षात हात उचलताक्षणी शांतता पसरेल.

दुसरी खूण दिशेची. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार सप्तक. सुरावट वर चढत असेल तर हातही उजवीकडे सरकलाच पाहिजे. हिंदी सिनेमातल्या पियानोवरच्या गाण्यांत, ‘अंदाज’मध्ये (१९४९) दिलीपकुमार पियानोशी बसून गातो तेव्हापासून, या गोष्टीकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही. मला ते खटकत नाही. तिथे पियानो ही नायकाला बसून मनातलं बोलायची जागा असते. ऐकायचा असतो तो गळा.

खटकतं ते डोकं झटकणं आणि चेहऱ्यावर आणलेली वेदना. पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते, आणि तळ गाठायच्या किंचित आधीच हातोडी यंत्रणेतून सुटून स्वतःच्या वेगाने तारेकडे झेपावते. त्यानंतर तुम्ही पट्टीवर कितीही जीव ओतून दाब दिलात तरी त्या स्वरात काहीही बदलत नाही. व्हायोलिनवर लावलेला स्वर मागाहून फुलवता येतो, पियानोवर येत नाही. जे काही करायचं ते स्वर वाजायच्या आधी करायचं असतं. त्यामुळे खरा वादक ओळखायचा तो आवाजाआधीच्या क्षणात: खांदा सैल सुटलेला, श्वास घेतलेला, हाताचं वजन कुठे टाकायचं ते ठरलेलं. कच्चा नट आवाज आल्यावर अभिनय करतो.

आता ‘द पियानिस्ट’ (२००२), कारण हे नाव निघणारच. त्यात पियानोवादक श्पिलमनचं काम करणाऱ्या एड्रियन ब्रोडीने खरोखर शोपँ या संगीतकाराच्या रचना वाजवायचा सराव केला होता. ध्वनिमुद्रण आणि जवळून दिसणारे हात यानुश ओलेयनिचाक या पियानोवादकाचे. खांदे, पाठ, बसण्याची ढब पाहिली तर ब्रोडी अतिशय विश्वासार्ह आहे. माझा आक्षेप आहे तो जर्मन अधिकारी होझेनफेल्डसमोरच्या प्रसंगाला. उपासमार, गोठवणारी थंडी, वर्षानुवर्षं पियानोला हात नाही, आणि श्पिलमन शोपँचं जी मायनर या स्वरसप्तकातलं पहिलं बॅलड (एक लांबलचक, नाट्यमय रचना) वाजवतो, शेवटच्या वादळी भागासकट. हे बॅलड रोज सराव करणाऱ्यालाही घाम फोडतं. शिवाय पडक्या घरातला तो पियानो बऱ्यापैकी सुरात लागलेला! प्रत्यक्षात श्पिलमनने आठवणींत लिहिलंय की त्याने सी शार्प मायनरमधलं नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची शांत रचना) वाजवलं, अडीच वर्षांत सराव नव्हता, बोटं ताठरली होती आणि तारा सुरात नव्हत्या. माझ्या मते खरी हकिगत पडद्यावरच्या प्रसंगापेक्षा कितीतरी जास्त हलवणारी आहे. बेसूर पियानोवर, न वळणाऱ्या बोटांनी वाजवलेलं एक संथ नॉक्टर्न. दिग्दर्शकाला तिथे दबलेल्या कलावंताचा स्फोट हवा होता हे समजतं, पण त्यापायी बोटांचं सत्य गेलं.

सुराची काळजी घेणारा सिनेमा म्हणजे ‘द पियानो’ (१९९३). पियानो समुद्रकिनाऱ्यावर बेवारस पडून राहतो, मग दुसऱ्याच्या घरी जातो, आणि नायिका बेसूर आवाजाची तयारी ठेवून पट्ट्यांना हात लावते तर तो सुरात लावून घेतलेला असतो. त्या माणसाने ट्यूनर बोलावला होता. दोघांमधल्या नात्यातलं एवढं मोठं वळण केवळ पियानो सुरात लावण्यावर उभं आहे, ही गोष्ट पियानोवाल्याच्या थेट काळजाला भिडते. (खारं वारं आणि पाणी खाल्लेल्या पियानोला नुसतं सुरात लावून भागणार नाही, नमदा, सरस, लाकूड सगळंच धोक्यात येतं. पण इथे मी ते सोडून देते.) नायिका झालेल्या हॉली हंटरने सगळं स्वतः वाजवलंय. मायकल नायमनचं संगीत एकोणिसाव्या शतकातलं वाटत नाही, तरी ते तिच्या हातांत पूर्ण मुरलंय. तिचे हात दिसले की कॅमेऱ्याला काही लपवायचं नाही हे लगेच जाणवतं.

पण एकच सिनेमा सुचवायचा तर मी इंगमार बर्गमनचा ‘ऑटम सोनाटा’ (१९७८) सुचवेन. मुलगी आपल्या नामवंत पियानोवादक आईला शोपँचा ए मायनरमधला दुसरा प्रेल्यूड (छोटी, स्वतंत्र रचना) वाजवून दाखवते. जेमतेम दोन मिनिटांची, संथ रचना. डाव्या हातात ताणलेले, एकमेकांवर घासणारे स्वर, वर एकटी तुटक सुरावट. मुलगी मन लावून वाजवते, पण सुरावट जागोजागी अडखळते, भावना सांडत जाते. मग आई शेजारी बसते, भावना आणि भावुकपणा यातला फरक समजावते आणि तोच प्रेल्यूड वाजवते: कोरडा, ताठ, वेदना आत दाबलेला. आई वाजवत असताना कॅमेरा बराच वेळ दोघींच्या चेहऱ्यांवर थांबतो. मुलगी आईकडे बघत असते, आणि त्या बघण्यात सगळं आयुष्य येतं. दोन्ही वादनं केबी लारेटेई या पियानोवादिकेची आहेत. एकाच वादकाने तीच रचना दोन वेगळ्या माणसांसारखी वाजवली आहे, आणि संगीत न शिकलेल्या प्रेक्षकालाही फरक ऐकू येतो. पियानो शिकण्याचा मोठा भाग हाच असतो: स्वर तेच, पण कोणता किती वजनाने आणि कधी.

पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉटच्या आयुष्यावरच्या ‘शाइन’बद्दल (१९९६) थोडक्यात. जेफ्री रश बघण्यासारखा आहे आणि साउंडट्रॅकवर स्वतः हेल्फगॉटचंही वादन आहे. मात्र राखमानिनॉफचा तिसरा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदासोबत वाजवायची मोठी रचना) वाजवता वाजवता माणूस कोसळतो, या दृश्यातून अनेकांनी ती रचनाच माणसाला वेडं करते असा समज करून घेतला. तो कॉन्चेर्टो १९०९चा आहे, भयंकर अवघड आहे, पण मानसिक आजार एखाद्या रचनेमुळे होत नाही. माझ्याकडे नव्याने शिकायला येणारे त्या कॉन्चेर्टोचं नाव दबक्या आवाजात घेतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता तुम्ही स्वतः तीन महिने शिकलात तर काय जमेल, त्याबद्दल. रोज तास-दीड तास शिक्षकासमोर आणि घरी बसलात, तर तीन महिन्यांत एक सोपी, संथ रचना दोन्ही हातांनी, पेडलसह, नीट वाजवता येईल. त्या रचनेत तुम्ही पडद्यावरच्या बऱ्याच नटांपेक्षा खरे दिसाल. ए मायनरचा तो प्रेल्यूड मात्र इतक्यात घेऊ नका. स्वर कमी दिसतात म्हणून सोपा वाटतो, पण डावा हात आखडतो आणि मनगट दुखावतं. ई मायनरमधल्या चौथ्या प्रेल्यूडने सुरुवात करा. त्यातही डाव्या हाताचे कॉर्ड आधी पेडलशिवाय बसवा, आणि मगच पाय लावा.