घरपट्टीची चाळीस टक्के सवलत: अर्ज केला तरच

प्रश्न: मी पुण्यात धनकवडीला राहते. २०२० साली आम्ही ४३० फूट कार्पेटचा फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत मिस्टर गेले. मला फॅमिली पेन्शन महिन्याला १४ हजार येते. मिळकत कराचं बिल ११,४०० रुपयांचं आलंय, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना तेवढ्याच फ्लॅटचं सात हजारांच्या आत. रागाच्या भरात मी गेल्या वर्षीपासून भरलेलंच नाही. मुंबईत लहान घरांना कर माफ आहे म्हणतात. पुण्यात आमच्यासारख्यांना काहीच नाही का? माझ्या मतदार कार्डावर अजून बिबवेवाडीचा जुना पत्ता आहे, नवा पत्ता फक्त गॅसच्या पुस्तकावर आहे. त्यानं काही अडेल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर हातात घेतला. ११,४०० चे साठ टक्के होतात ६,८४०. म्हणजे काकूंना चाळीस टक्के सवलत लागलेली दिसते आणि तुम्हाला ती लागलेली नाही. महापालिकेच्या कर खात्यात पेठ निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं दारोदार टेप घेऊन खोल्या मोजल्या, त्यामुळे असे आकडे शेजारी शेजारी दिसले की मला पहिली शंका हीच येते.

ही सवलत पुण्यात १९७० च्या ठरावापासून आहे. मालक स्वतः राहत असेल तर घराच्या करपात्र रकमेत ४० टक्के सूट. मधल्या काळात लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि सवलत बंद झाली. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती परत आणली. पण १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात ज्यांच्या घराची पहिल्यांदा आकारणी झाली, त्यांनी ‘पीटी-३’ हा अर्ज भरून ‘आम्ही स्वतः राहतो’ असं दाखवायचं होतं. तुमचा फ्लॅट नेमका त्याच काळातला. त्या वर्षी मिस्टरांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, पेपरातली जाहीर सूचना वाचायची तुमची मनःस्थिती कुठून असणार? यात तुमची काही चूक मानू नका.

एक हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण तो बहुतेकांचा चुकतो. सवलत गेली की बिल चाळीस टक्क्यांनी वाढलं असं लोक म्हणतात. साठाचे शंभर झाले म्हणजे वाढ सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास झाली. १४ हजारांत महिना काढणाऱ्या घराला हा फरक डाळ-तांदळाच्या पैशात मोजावा लागतो.

आता अर्ज. फी २५ रुपये. सोबत सोसायटीचं ‘ना हरकत’ पत्र जोडायचं, त्यात ‘सदर सदनिकेत मालक स्वतः राहतात’ हे शब्द असलेच पाहिजेत. सेक्रेटरी नुसतं ‘सभासद आहेत’ लिहून सही करतात आणि तिथंच अर्ज अडकतो. त्याशिवाय मतदार कार्ड, पासपोर्ट, लायसन्स, गॅस कार्ड, रेशन कार्ड यांपैकी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. तुमचं गॅसचं पुस्तक चालेल. जुन्या पत्त्याचं मतदार कार्ड मुळीच जोडू नका, उगाच शंकेला जागा होते. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत द्यावी लागते. हे सगळं क्षेत्रीय कार्यालयात किंवा नागरी सुविधा केंद्रात देता येतं. देतानाच सवलत कोणत्या वर्षापासून लागेल ते विचारा आणि उत्तर लेखी मागा. बिल अजून मिस्टरांच्या नावावर असेल तर नाव बदलायचा अर्ज वेगळा असतो, तोही मृत्यूच्या दाखल्यासह लगेच घाला.

आणि ताई, भरणं थांबवलंत ते मला अजिबात पटलं नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. ११,४०० वर ती २२८ रुपये होते, दर महिन्याला. वाद चालू असला तरी बिल भरा. २०२३ मध्ये ज्यांनी जादा भरलं होतं, त्यांचे पैसे पुढच्या बिलांतून वळते करायचं ठरलं होतं. न भरणाऱ्याच्या डोक्यावर मात्र शास्तीच बसते. एकदम जमत नसेल तर आधी मागची थकबाकी संपवा.

मुंबईबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. तिथं १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात तशी फुटांवर माफी नाही. पण मला दोन्हीकडचं एक खटकतं: घरात किती पैसे येतात, हे कुठंच विचारत नाहीत. चाळीस टक्के तुम्हालाही आणि मोठ्या बंगल्यात राहणाऱ्यालाही. मुंबईत ५१० फुटांच्या जुन्या घरात एकटी राहणारी आजी मात्र माफीच्या बाहेर. नाना पेठेतल्या एका वाड्यात एक आजी दरवर्षी रुमालात गुंडाळलेल्या दहा-दहाच्या नोटा माझ्यासमोर मोजायच्या. त्यांच्या खोल्या ऐसपैस होत्या, डब्यात मात्र काही नसायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं १९६४ मध्येच वेगळी पद्धत आणली: वृद्धांचा घराचा कर उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे गेला की जादा भाराचा परतावा सरकारनं द्यायचा. आपल्याकडे हे व्हायला हवं, असं मी नोकरीत असल्यापासून म्हणत आलोय.

तोवर तुमचा अर्ज. येत्या सोमवारी सोसायटीच्या पत्रासाठी सेक्रेटरींना भेटा. अर्जाच्या पोचेची झेरॉक्स बिलाला पिन करून ठेवा, आणि पुढचं बिल आलं की त्यावरचा आकडा मला कळवा.